सरांना हवी असलेली विहीर

हैदराबाद, ९ डिसेंबर १९३६

तीर्थरूप दादांना श्रीपतीचा साष्टांग नमस्कार.

माझी तब्येत बिलकुल ठीक आहे. आईचा खोकला कमी झाला का?

इथे कॉलेजातल्या सरांबरोबर एका जुन्या ग्रीक पुस्तकाचं संपादन करतो आहे. त्यात निसर्गातली नवलं लिहिलेली आहेत. एका विहिरीचं पाणी पहाटे कोमट आणि दुपारी गार लागतं, असं एका जागी आहे. सर म्हणतात, "थाप आहे, गाळून टाका." गाळायला हा काय त्यांचा चहा आहे? तीन दिवस भांडतो आहे. काल ते चिडून म्हणाले, "अशी विहीर दाखवा, न्हाईतर काम सोडा."

दादा, आपल्या मळ्यातल्या विहिरीचं तुम्ही हेच सांगायचात. जालन्याच्या सभेत भोळ्या समजुतींवर बोलताना तुमचं नाव घेऊन मी त्यावर लोकांना हसवलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "पहाटे कधी हात घालून पाह्यला का रे?" मी पाहिला नव्हता. त्यानंतर तुमचं पत्र नाही.

त्या ग्रीक माणसाने प्रत्येक नवलापुढे सांगणाऱ्याचं नाव लिहिलं आहे, आणि तो कुणाला हसलेला नाही.

पहाटे आणि दुपारी पाणी पाहून कळवाल का? मला लिहायचं नसेल, तर सरांना लिहा. पुस्तकात त्या पानाखाली टीप मी देईन, आणि सांगणाऱ्याचं नाव तुमचं असेल.

तुमचा,
श्रीपती