मैदानात ऐकलेली आपली भाषा

चिंगोला, १९ ऑक्टोबर

आईला नमाकाऊचा गुडघे टेकून नमस्कार.

मी बरी आहे, खोकला गेला. तुझा डोळा कसा आहे? गुरं नदीकाठी चरायला उतरली का?

काल देशासाठी प्रार्थनेचा दिवस होता. सगळ्या चर्चची माणसं फुटबॉलच्या मैदानात उपाशीपोटी जमली. गुत्ते बंद, म्हणून घरमालकीण नवऱ्याला म्हणाली, "चल, आज तरी देवाला तोंड दाखव, तो विसरला असेल तुला." आम्ही खूप हसलो.

मग पाळकांनी निवडणुकीत सांडलेल्या रक्ताची क्षमा मागायला सांगितलं. नेहमीसारखे सगळे एकदम, मोठ्याने आपापली प्रार्थना करू लागले. त्या गलक्यात कोण कुणाचं ऐकतं? पण माझ्या मागे एक पुरुष रडत म्हणाला, "देवा, बाजारातल्या त्या हिरव्या शर्टवाल्याला मी एकच दगड मारला. तो उठेल असं वाटलं होतं."

आपला सिताली, माझा पाठचा भाऊ, निवडणुकीच्या मारामारीत बाजारात गेला तेव्हा त्याच्या अंगात तू शिवलेला हिरवा शर्ट होता.

मी डोळे उघडले नाहीत. आमेननंतर वळले, तर मागे सात-आठ जण, सगळ्यांचेच डोळे ओले. त्यातल्या एकाने उपास सोडायला मला पाणी दिलं. मी प्यायले.

आई, इथे सगळे बेम्बा बोलतात. तो आपल्या लोझीत बोलत होता, कुणाला कळू नये म्हणून. हेलही आपल्याच गावचा.

गावातून इकडे कोण कोण आलंय ते तुला ठाऊक आहे. रविवारी चर्चमध्ये तुझा हात धरून बसणाऱ्या बायकांमध्ये त्याची आईही असेल. मला नाव कळवू नकोस.

तुझी,
नमाकाऊ