मनगट सर्वांत शेवटी

प्रिय बाबा,

दहापैकी आठ!

आधी हेच सांगून टाकते, कारण तुला लांबण लावलेली कधी आवडली नाही. दहा चेंडूंपैकी आठ आज तळ्यापलीकडे गेले. लागत होते सात. दुपारी तलासरीहून घरी आले, चपला काढल्या, आईच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला आणि तुला लिहायला बसले. वाचताना तुला ओळीवर बोट ठेवावं लागायचं, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते.

परीक्षा कसली, ते तुला अर्धंच माहीत आहे, कारण तू अर्ध्यावरच गेलास. तलासरीजवळ झरीच्या वाटेवर बेहरामशेठने गोल्फ शिकवायचं मैदान काढलंय, तिथे मी काउंटरवर चेंडूंच्या बादल्या देते. "लोखंडी काठीनं अंडी फोडायची नोकरी," असं तू बंदरभर सांगत फिरायचास, आठवतं? रिकाम्या वेळात बघून बघून मीही मारायला शिकले. मग शेठ म्हणाला, आता बायकाही शिकायला येतात, त्यांना शिकवायला बाई पाहिजे. दहातले सात तळ्यापलीकडे टाक, तुलाच ठेवतो. दोनदा नापास झाले. आज तिसरी आणि शेवटची वेळ होती. चुकले असते तर वापीहून कुणीतरी मॅडम येणार होत्या आणि मी कायमची बादल्यांपाशी.

माझं दुखणं एकच, मनगट. काठी वर नेली की मनगट अंगठ्याच्या बाजूला दुमडतं. खाली येताना ते तसंच दुमडलेलं राहायला हवं. आधी कंबर वळते, मागून हात येतात आणि मनगट उघडायचं ते अगदी चेंडूपाशी. माझं वरच्या वरच उघडायचं. सगळा जोर वाऱ्यावर जायचा आणि चेंडू तळ्यात.

एकदा सगळ्यांसमोर शेठ ओरडला, "अरे एम नाय, असं नाय, दीकरी! जाळं फेकते काय तू? मच्छी पकडायला आली हाय काय?" वापीचे साहेब लोक खो खो हसले. बाबा, मीही हसले. नोकरीला लागताना मी 'डहाणूची' एवढंच सांगितलं होतं, आगरची, कोळ्यांच्या वस्तीतली, म्हणाले नव्हते. हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

त्या संध्याकाळी तू पडवीत जाळं शिवत बसला होतास. "काय बोलतो गो तुजा शेठ?" तू विचारलंस. मी म्हटलं, "म्हणतो, जाळं फेकू नको." तू इतका हसलास की तुला ठसका लागला. मग म्हणालास, "त्याला इचार, कदी जालं फेकलंय का? मनगट पैलं सोडलं तर शिसं आपल्याच टाळक्यात पडल. चल खाडीवं, दाकवतो तुला."

आणि मी काय म्हणाले? "बाबा, गोल्फचा आणि जाळ्याचा काय संबंध? मला सकाळी सहाची गाडी आहे." तू नुसतं "बरं" म्हणालास आणि पुन्हा गाठी मारायला लागलास. रागावला असतास तरी परवडलं असतं. दिवाळीनंतर तू गेलास आणि ते "बरं" माझ्याकडे राहिलं.

पण थांब, सगळा दोष माझाच नाही हं. आठ वर्षांची असताना मी तुझ्यामागे लागले होते, मला पागाचं जाळं टाकायला शिकव म्हणून. तेव्हा तू काय म्हणालास? "पोरी जालं नाय टाकत. जा, आईची टोपली धर." म्हणजे एकदा तू नाही म्हणालास, एकदा मी. फिट्टंफाट! फरक इतकाच की तू तुझं 'नाही' मागे घेतलंस. मी माझं मागे घेईपर्यंत तू थांबला नाहीस.

दुसऱ्यांदा नापास झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी खुंटीवरून तुझं जाळं काढलं. आई म्हणाली, "काय करतेस गो त्याचं?" म्हटलं, टाकायला शिकते. तिने माझी ओढणी चिमटीत धरली. मग म्हणाली, "ती ओढनी काडून ठेव पैली. शिसं अडकल तिच्यात."

ओहोटी बघून जनूकाका मला खाडीत घेऊन गेला. तुझा जोडीदार तो, तुझ्याइतकाच खडूस. दोरीचा फास डाव्या मनगटात, अर्धं जाळं कोपरावर, एक कड दातांत. पहिल्या फेकीला जाळं ओल्या गोधडीसारखं माझ्याच पायाशी पडलं आणि कडेला ओवलेलं एक शिसं कानशिलावर बसलं. म्हणजे तू अगदी खरं सांगितलं होतंस. दुसऱ्या फेकीला मी जाळ्यामागोमाग चिखलात. काठावर आई पोट धरून हसत होती. तू गेल्यापासून तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून उठायला मी थोडा उशीरच केला.

जनूकाका म्हणाला, "मूठ कशाला आवलतेस? जिता बोईट मासा धरल्यासारी धर. दाबलास तर निसटल, सोडलास तर पलल. आनि हात कोपरापासून वलव. तुजा बा काय बोलायचा? जालं कंबरेनं टाकायचं, मनगटानं खाली दार उघडायचं."

असं म्हणायचास तू? हे तू जनूकाकाला सांगितलंस आणि मला नाही?

पंधरा-वीस दिवस रोज सकाळी हेच. मग एका सकाळी जाळं उघडलं, बाबा! पुरतं गोल, तुझं उघडायचं तसं. सगळं शिसं एकदम पाण्याला लागलं, झप्प! आत दोनच बोईट होते, तेही बोटाएवढे, पण मी बघत होते हाताकडे. कोपराखालचा हात आपला आपण वळला होता. मनगट शेवटी उघडलं होतं आणि ते उघडलेलं मला कळलंही नव्हतं. मी जाळं जनूकाकाच्या अंगावर टाकलं, काठावरचा बांबू उचलला आणि ओल्या कपड्यांनी तिथेच काठी फिरवायला लागले. "पोरगी गेली कामातून," जनूकाका आईला म्हणाला.

आता आजचं ऐक. पहिले दोन चेंडू तळ्यात! लोक बघत होते, त्यामुळे मूठ आवळली गेली. आता आठांतला फक्त एक चुकला तर चालणार होता. शेठ घड्याळ बघायला लागला. मी डोळे मिटून बोईट आठवला, मूठ सैल केली. तरी काहीतरी राहिलं होतं. मग लक्षात आलं, दात रिकामे होते! ओढणीचं टोक दातांत धरलं आणि काठी वर नेली. कंबर, हात, मनगट. आवाजच वेगळा आला, टक्क! चेंडू तळ्यावरून गेला आणि झेंड्याजवळ पडला. मग त्याच्यामागून दुसरा, तिसरा, आठही गेले. ओढणीचा बोळा झालाय, ती आता आईने भिजत घातलीय.

शेठ धावत आला. "अरे वाह! मनगट आता एकदम छेल्ले, शेवटी खुलते! कोणाकडे शिकली?"

तेव्हा हसले होते ते साहेबही तिथेच उभे होते. मी म्हटलं, "बाबांकडे. आगरचे आहेत. जाळं फेकतात."

फेकतात, असंच म्हटलं बघ. तोंडून तसंच निघालं आणि मला ते सुधारावंसं वाटलं नाही.

शेठला स्वतःचं बोलणं आठवलं असणार. त्याचे कान लाल झाले. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. मग हळूच म्हणाला, "मला पण शिकव ने, दर्शना मॅडम."

तर रविवारी ओहोटीला बेहरामशेठ आगरला येतोय! जनूकाकाने त्याला अर्धी चड्डी आणायला सांगितलंय. शेठ लोक चहात साखर किती घेतात, हे आई मला चारदा विचारून गेली. जाळ्याची फाटलेली कड मी शिवलीय, पण गाठी काही खऱ्या नाहीत. तू असतास तर सगळ्या उसवून पुन्हा घातल्या असत्यास.

सोमवारपासून माझ्याकडे सहा बायका शिकायला येतील. त्यांना पहिल्या दिवशी बोईट धरायला शिकवीन, काठी नंतर. आणि आणखी एक वचन देते. रविवारी शेठ मनगट आधीच सोडणार, शिसं त्याच्या टकलावर बसणार आणि तो चिखलात पडणार. सगळा काठ हसेल, आई सगळ्यांच्या आधी. मी हसणार नाही, बाबा. एकदा चुकीच्या माणसांबरोबर हसले होते, तेवढं पुरे. मी त्याचा हात धरून त्याला उभा करीन आणि सांगेन, शेठ, मनगट शेवटी.

तुझी,
दर्शू,
आगरची