अप्पांच्या गाडीचा दुसरा गिअर

शुक्र., ६ फेब्रु. १९७६. चारठाणा

गिअरबॉक्स खाली घेतला. जॅक जरा हलला तेव्हा खाली आणखी एक ठोकळा सरकवला. काका ओसरीवरून म्हणाले, "आरं, बरं केलंस. भंगारवाल्याचे कष्ट वाचले." तो पुढच्या रविवारी, १५ला येणार, काकांनी त्याला शब्द दिला आहे. मला एवढीच सवलत: तोवर दुसरा गिअर सुटायचा थांबला आणि गाडी माल भरून जिंतूरकडची चढण चढली, तर राहील.

अप्पा खाटेवर, तोंड गाडीकडे. लकवा मारल्यापासून दिवसभर तसेच. गाडी गेली तर ते बघतील कुठे?

शनि., ७

झाकण उघडले. तेल काळे, काकवीसारखे. निघेल तो भाग पोत्यावर त्याच क्रमाने मांडला, प्रत्येकाचे तोंड इंजिनाकडे. दोनदा तपासले. परत तपासू लागलो तर माय म्हणाली, "लय झाली मांडामांड, जेव की आता."

गिअरच्या दांड्याची मूठ धुतली. एका बाजूने चपटी झाली आहे, अप्पांच्या तळव्याने. दुसरा टाकला की ते दांडा दाबूनच धरायचे. हात काढला की गिअर सुटलाच. लहानपणी मी शेजारी बसून जिंतूरला जायचो. मागे सरकीचा वास, पायाखाली तापलेला पत्रा. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा दांड्यावर. तो डावा हात मला कधी धरायला मिळाला नाही. आता तो मांडीवर पडून असतो, माय त्याला तेल चोळते.

सोम., ९

घात झाला. सोमवार म्हणून मायने अंगण सारवले. पोते उचलून झटकले. सगळे भाग राखेने घासून परातीत रचले, भांडी रचावीत तसे, मोठ्यावर लहान, उताणे पालथे. वर म्हणते, "किती मळलं हुतं रे. लखलखीत केलंय बघ." गोठ्यामागे जाऊन बसलो.

मग अप्पांना विचारले, कोणते कुठे बसते. जीभ अडखळते त्यांची. म्हणाले, "म्या हाकली. उघडली न्हाई कधी." आणि हसले. पडल्यापासून पहिल्यांदाच.

मंगळ., १०

झिजेवरून जुळवतो आहे. जे दाते एकमेकांना लागत होते त्यांची चकाकी सारखी. बरेचसे लागले.

दुपारी दुसऱ्याचे चाक हाती घेतले. मायने ते पालथे ठेवले होते. नेहमीची बाजू झिजून गोल झालेली, गिअर सुटतो तो त्यामुळेच; पण या बाजूचे दाते कोरे, धारदार! मी सगळी तोंडे एका दिशेला मांडून बसलो, म्हणून ही बाजू नीट पाहिलीच नव्हती. चाक दोन्ही बाजूंनी शाफ्टवर बसते. म्हणजे उलटे घातले तर...

बुध., ११

एस.टी.ने जिंतूर. चाक पिशवीत, पिशवी मांडीवर. सलीमचाचा म्हणजे अप्पांचे जुने मेकॅनिक. चाक फिरवून फिरवून पाहिले. "उलटा डालता क्या? बैठा तो बैठा. नै बैठा तो बाकी के दाँत भी खाता, फिर सीधा भंगार." मग म्हणाले, "तेरे बाप को कितने दफे बोला मैं, डब्बा खोलने दे. बोलता, मेरा हाथ हैच ना!"

परतताना खिडकीतून काहीच पाहिले नाही.

शुक्र., १३

चाक उलटे घातले. लाकडी ठोकळ्यावर ठोकत बेअरिंग बसवले. परात पाहिली, चूल पाहिली, राखसुद्धा चाळली. काही उरलेले नाही. हाताने फिरवले, अडकत नाही. डबा वर चढवला. तेल भरले.

शनि., १४

एकटाच ओढ्यापर्यंत गेलो. दुसरा टाकला. हात काढला. सुटला नाही! गिरणीसारखा आवाज करतो, पण सुटला नाही. मात्र गाडी रिकामी आणि रस्ता सपाट.

अप्पांना सांगितले.

"सुटंना?"

"नाही अप्पा."

त्यांनी मांडीवरच्या डाव्या हाताकडे पाहिले. "मंग हातानं काय करायचं?"

आनंद व्हायला हवा होता.

रवि., १५

भंगारवाला पारावर चहा पीत बसला आहे. काकांनी ज्वारीची पोती स्वतः भरली, नेहमीपेक्षा जास्त. अप्पांना न्यायचे नव्हते, पण ऐकेनात. काकांनी आणि मी उचलून माझ्या शेजारच्या जागेवर बसवले. या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. इकडून दांडा उजव्या हाताला येतो, आणि उजवा त्यांचा धड आहे. गाडी सुरू होताच तो हात मुठीवर गेला.

"अप्पा, धरू नका. सुटतो का तेच तर बघायचंय."

"तू रस्ता बघ."

चढणीच्या पायथ्याला रेडिएटरमध्ये पाणी घालायला थांबलो, तेवढ्यात हे लिहितो. काका मागे पोत्यांवर बसून टपावर थापा मारतात, "चल रं, का मुहूर्त बघायलास?" त्यांना तिथून आतले दिसत नाही.

अप्पांचा हात राहिला तर गाडी चढेल, यात शंका नाही. मग गिअर टिकला की अप्पांनी टिकवला, ते मला कधीच कळणार नाही. हात काढा म्हणायला दोनदा तोंड उघडले. ते समोर चढणीकडे बघताहेत, मान ताठ, पूर्वीसारखी.

अजून म्हणालो नाही.