बंदुकीच्या तेलाच्या बाटलीचे सील काढण्याबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, वाघजाळी, जि. परभणी.

विषय : ठाण्यात जमा असलेल्या माझ्या बंदुकीस योग्य तेल लावू देण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील माझे आधीचे अर्ज व त्यांवर मिळालेले "पाहू" हे तोंडी उत्तर.

महोदय,

मी, पंचफुला सिद्धोधन खिल्लारे, रा. वाघजाळी, पुन्हा अर्ज करीत आहे. माझे पती माजी सैनिक होते व मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगवर बारा बोअरची एकनळी घेऊन पहारा करत. मागच्या हिवाळ्यात ते वारले. नियमाप्रमाणे मी बंदूक आपल्या ठाण्यात जमा केली. आता परवाना माझ्या नावे झाला आहे. जिनिंगचे मालक आबासाहेब म्हणाले, "बाई, बंदूक घेऊन या, नवऱ्याची जागा तुमची." परंतु तपासणीत बंदूक चालू स्थितीत आढळल्याशिवाय ती ताब्यात मिळत नाही, आणि ती चालू स्थितीत राहिलेली नाही. ती ठाण्यात कशी बिघडली, एवढेच खाली मांडते.

१. जमादार हरिओम साहेबांनी थंडीत तिला खोबरेल लावले. त्यांच्या मायेबद्दल मी आभारी आहे. तेल आत थिजले.

२. मी तक्रार केल्यावर त्यांनी स्वतःच्या घरून करडीचे तेल आणले. "ताई, घाण्याचं हाय, लय चांगलं," असे ते म्हणाले. भाजीला ते चांगलेच असते. उन्हाळ्यात ते सुकून डिंकासारखे झाले व घोडा अडकला.

३. म्हणून मी पतीची बंदुकीच्या तेलाची बाटली आणून दिली. बाटलीवरचा कागद झिजून गेलेला असल्याने ती "अनोळखी द्रव" म्हणून जमा करून घेण्यात आली आणि लाखेने सील करून बंदुकीशेजारीच, त्याच फळीवर ठेवण्यात आली. प्रयोगशाळेचा अहवाल आल्याशिवाय सील काढता येत नाही, असे कळते. अहवालाची चौकशी केली असता बाटली अजून पाठवलेलीच नाही, बंदोबस्तामुळे माणूस मोकळा नाही, असे सांगण्यात आले.

४. दसऱ्याला ठाण्यातील शस्त्रांसोबत माझ्या बंदुकीचीही पूजा झाली. हळद-कुंकू वाहिले, नारळ फोडून त्याचे पाणी शिंपडले. तिला परकी मानले नाही, याचे बरे वाटले. मात्र तेव्हापासून नळी उघडतच नाही.

पती दर रविवारी ओसरीवर बसून बंदूक पुसत. मी थेंब सोडायची, ते फडक्याने पुसून काढत. जास्त पडले की ओरडत, "तेल पाजू नगं गं तिला, नुसतं दाव." त्यामुळे तेल किती लावावे हे मला ठाऊक आहे. त्याचे नाव मात्र कधी विचारले नाही. ते असताना विचारायची गरजच वाटली नाही.

जिनिंगचा हंगाम सुरू झाला आहे. महिनाअखेरपर्यंत बंदूक न आल्यास नांदेडहून दुसरा पहारेकरी आणावा लागेल, असे आबासाहेबांनी कळवले आहे. पोटापुरते काम मला कापूस वेचूनही मिळेल. परंतु जिनिंगच्या दारात पतीची खुर्ची अजून तशीच आहे. तिच्यावर दुसरे कोणी बसलेले मला बघवणार नाही.

तरी बाटलीचे सील काढून मला ठाण्याच्याच व्हरांड्यात, शिपायासमोर बसून, बंदुकीला तेल लावू द्यावे, ही विनंती. काडतूस मी आणणार नाही. नळी उघडत नसल्याने आणूनही उपयोग नाही. साहेब, मी थकले आहे. तरीही हा अर्ज शेवटचा आहे, असे लिहून देत नाही.

आपली नम्र,
पंचफुला सिद्धोधन खिल्लारे
दि. ६ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) परवान्याची छायांकित प्रत.
२) आबासाहेबांचे पत्र.
३) पतीच्या जुन्या बनियनचे फडके, न धुतलेले. त्याला त्या तेलाचा वास अजून आहे. नमुन्यादाखल पाहून परत द्यावे. हे कृपया सील करू नये.