पाचव्या नावाला अंधार

सोल, ९ फेब्रुवारी

ती. इसुलताईस,
दान्बीचा साष्टांग नमस्कार.

माझं पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. अल्बम बाहेर पडेपर्यंत कंपनीने आमचे फोन काढून घेतलेत. आमच्याकडे स्वयंपाक करायला येणाऱ्या मावशींच्या हाती हे पत्र देते आहे. उत्तर त्यांच्याच पत्त्यावर पाठव, पाकिटावर माझं नाव घालू नकोस.

आता खाली बस आणि मग पुढे वाच. 'यंदू' या तुझ्या लाडक्या गायिकांच्या चमूत, तो सोडून गेलेल्या हारिनच्या जागी जी नवी मुलगी घेतली, आणि जिचं नाव अजून कुणाला सांगितलेलं नाही, ती मी आहे. नोव्हेंबरपासून मी हे पोटात ठेवलंय. कागदावर सही घेतली होती ना, सख्ख्या बहिणीलाही सांगायचं नाही म्हणून.

ताई, तुझ्या कपाटाच्या दारावर हारिनचं चित्र आहे. ते चिकटवताना खालचे दोन कोपरे मीच धरले होते. तू माझ्यावर चिडशील का, या विचाराने चार दिवस पेन हातात घेऊन नुसती बसत होते. इथे माझ्या कप्प्यावर अजून तिच्या नावाची चिकटपट्टी आहे. तिचेच कपडे कमरेत आवळून मला दिलेत. अल्बममधल्या दोन गाण्यांत तर मागचा आवाजही तिचाच ठेवलाय, पुन्हा ध्वनिमुद्रण करायला वेळ नव्हता. कानाला यंत्र लावलं की मी तोंड उघडायच्या आधी तिचा श्वास ऐकू येतो.

व्यवस्थापकांनी स्पष्ट सांगितलंय, की पहिल्या कार्यक्रमात लोकांनी मला घेतलं तर ठीक, नाहीतर पुढे चौघीच जातील. आईला यातलं काही कळवू नकोस. शाळा सोडून आले तेव्हापासून, तीन वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही. आता परत गेले तर काय म्हणेल, ते मला ऐकायचं नाही.

तू बुसानच्या चाहत्यांच्या मंडळात आहेस. लोक काय बोलताहेत ते खरंखरं कळव. माया पातळ करू नकोस.

तुझी
दान्बी

बुसान, १३ फेब्रुवारी

चि. दान्बीस,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

चार महिने गप्प बसलीस! अगं, लहानपणी तुला बोर चोरून दिलं तरी संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळायचं. पत्र दुकानातच उघडलं आणि हातातली चष्म्याची काडी मोडली. मालक म्हणाले, ही या महिन्यातली तिसरी.

चिडेन कशाला गं? हारिन मला आवडते, पण तिचं नाक मी पुसलेलं नाही, तुझं पुसलंय. पोटभर खात जा. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र समुद्रशेवाळाचं सार पिऊ नकोस, पाय घसरतो म्हणतात. माझा विश्वास नाही, तरी पिऊ नकोस.

आई तोंग्योंगला शिंपल्यांच्या शेडमध्येच आहे. पहाटे कपाळाला दिवा बांधून जाते, दुपारपर्यंत कालवं सोलते. डोळे अधू झालेत, पण चष्म्याच्या दुकानात लेक असून नवा चष्मा करून घेईल तर शपथ.

लोकांचं म्हणशील तर लोक बोलतातच. तू त्यात लक्ष घालू नकोस. मी येईन तेव्हा सविस्तर बोलू.

जीव लावून राहा.
इसुल

सोल, २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तू काही लिहिलं नाहीस, पण मला कळलं. परवा माझं नाव जाहीर झालं आणि काल व्यवस्थापकांनी आम्हा पाचजणींना बसवून चाहत्यांचं पत्रक वाचून दाखवलं. गाण्याच्या सुरुवातीला चाहते आमची नावं पुकारतात, नवीचं शेवटी, तशी पहिली चार पुकारायची. पाचव्या नावाला सगळ्यांनी हातातले पोपटी दिवे विझवायचे आणि गाणं संपेपर्यंत टाळी नाही, हाक नाही. पाचवं नाव माझं.

पत्रक जानेवारीतलं आहे, म्हणजे तेव्हा मी कोण हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यात एकही शिवी नाही, ताई. 'आम्ही नव्या मुलीचा राग करत नाही, पण जागा भरली म्हणून माणूस परत येत नाही' असं लिहिलंय. मला त्याचीच जास्त भीती वाटली. शिव्या देणाऱ्याला आपण वेडा म्हणू शकतो. हे कुणीतरी चांगल्या माणसाने रडत लिहिलंय.

तालमीत व्यवस्थापक मुद्दाम दिवे घालवतात, सवय व्हावी म्हणून. अंधार झाला की माझी दुसरी ओळ सुटते. तीनदा सुटली. आमच्यातली सगळ्यात मोठी यंजूताई रागावत नाही, नुसती माझा हात धरून पुन्हा सुरुवात करते. हारिनचाही असाच धरत असेल.

सोबत पाच मार्चच्या कार्यक्रमाचे दोन पास आहेत, घरच्यांसाठी वर डावीकडे जागा ठेवतात तिथले. एक तुझा. दुसरा आईला पाठव. ती येणार नाही, पण माझ्याकडून पाठवला होता एवढं तरी राहू दे. तू मात्र नक्की ये. तिकडे बघितलं की तू आहेस, एवढं मला पुरेल.

तुझ्याशिवाय कुणी नसलेली
दान्बी

बुसान, २५ फेब्रुवारी

चि. दान्बीस,

आशीर्वाद कुठल्या तोंडाने लिहू? ते पत्रक मी लिहिलंय.

कंपनी हारिनच्या जागी कुणालातरी आणतेय एवढंच जानेवारीत कळलं होतं. मंडळाने मला लिहायला सांगितलं, कारण माझं लिहिणं बरं आहे. मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून एका दमात लिहिलं आणि रडलेही, तुझा अंदाज बरोबर आहे. त्या नव्या मुलीला आई असेल, बहीण असेल, हे डोक्यात आलंच नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. चष्म्याची काडी त्यामुळे मोडली. मी थट्टा करून वेळ मारून नेली.

पत्रक मागे घ्या म्हणून मंडळात सांगितलं. त्या म्हणाल्या, आता बहीण निघाली म्हणून होय? तीन हजार जणींनी होकार दिलाय. दोघी-तिघी माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. या मुली गेली सहा वर्षं माझं सगळं जग आहेत, आणि मला त्यांची भीती वाटते गं.

आईचा पास पाठवलाय. तू म्हणशील तर मी येणार नाही.

अपराधी
इसुल

सोल, ७ मार्च

ती. ताईस,
शंभर नमस्कार.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही. दोन दिवस मी तुझा रागराग केला. मग राग करायलाही ताकद उरली नाही.

परवा चार नावं झाली आणि सगळं सभागृह विझलं. तालमीतल्या अंधारात निदान भिंत दिसते, इथे काहीच नव्हतं. तीन हजार माणसं श्वास धरून बसली होती. ढोल सुरू झाला आणि माझी पहिली ओळ गेली, ताई. तोंडच उघडलं नाही, हारिनचा मागचा आवाज एकटाच वाजला. वाटलं, आता उलटं फिरावं आणि धावत सुटावं ते थेट तोंग्योंगला.

आणि मग वर डावीकडे, घरच्यांच्या जागेत, एक दिवा लागला. पोपटी नव्हता, पिवळट होता. तुझ्या दिव्याची बॅटरी उतरली असणार, तू कधी वेळेवर बदलतेस? तो जरा हलत होता, खाली-वर होत होता. मला हसू आलं आणि हसण्याबरोबर आवाज फुटला. बाकीचं सगळं गाणं मी त्या दिव्याकडे बघून म्हटलं. टाळी कुणीच वाजवली नाही. पण मी थांबले नाही, म्हणून व्यवस्थापकांनी मला ठेवून घेतलंय. काल माझ्या कप्प्यावर माझं नाव लागलं.

पत्रक तू लिहिलंस आणि सगळ्यांदेखत दिवाही तूच लावलास. आता आपल्यात काही बाकी नाही. तुला मंडळातून काढलं का? काढू देत.

माझ्यावर आहे तशीच माया ठेव, जास्त केलीस तरी चालेल.
दान्बी

तोंग्योंग, ८ मार्च

चि. इसुल हिस आईचे आशीर्वाद.

चष्म्याचा नंबर काढायचा आहे, पुढच्या सोमवारी येते. कारण विचारू नकोस. विचारणारच आहेस म्हणून लिहिते.

सोलला जाऊन आले. शेडमध्ये सांगितलं, पुतणीचं लग्न आहे. पहाटेची पाळी आटोपून तशीच बस पकडली, म्हणून कपाळाचा दिवा पिशवीतच राहिला. जागा एवढी उंचावर की गुडघे बोलायला लागले. शेजारची खुर्ची रिकामी होती, तीवर पिशवी ठेवली. तू कुठे होतीस?

पाचही पोरी एका साच्यातल्या, तेच केस, तेच कपडे. मला माझी मुलगी ओळखू येईना. दारात वाटलेलं चित्रांचं पुस्तक हातात होतं, त्यात बघून ताडून पाहावं म्हटलं, तर ऐनवेळी सगळा काळोख केला. कसला हा कार्यक्रम! मग दिवा काढून कपाळाला बांधला. पुढची बाई वळून म्हणाली, बंद करा. मी म्हटलं, बंद कशाला करू, माझी पोर यात कुठेतरी आहे.

चित्रावरून नाहीच कळलं. रंगमंचावर एकीचा पाय आत वळलेला दिसला, लहानपणी घाबरली की तिचा वळायचा तसा. तेव्हा समजलं. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. तिच्यासाठी चिकट मिठाई नेली होती, कुठे द्यायची कळेना म्हणून परत आणली.

तिला सांगू नकोस मी आले होते. उगाच शेफारेल.

आई

बुसान, ११ मार्च

चि. दान्बीस,

आईचं पत्र सोबत जोडलंय. सांगू नकोस म्हणते, पण आधी तेच वाच. मग माझं.

तो दिवा माझा नव्हता. मी घरच्यांच्या जागेत नव्हतेच. खाली मंडळातल्या मुलींमध्ये बसले होते, आठव्या रांगेत. ठरवून बसले होते, की चार नावं झाली की पाचवं मी ओरडायचं आणि दिवा चालूच ठेवायचा. सहा वर्षांच्या मैत्रिणी दोन्ही बाजूंना होत्या. चौथं नाव झालं आणि मी दिवा विझवला. इतरांबरोबर, अगदी ठरल्या क्षणी. तुझी ओळ गेली तेव्हा अंगठा कळीवर होता, आणि तो दाबला गेला नाही. शेवटपर्यंत नाही. मागे उजेड दिसला तेव्हा मी वळूनही पाहिलं नाही, आपल्याकडे कुणी बघेल म्हणून.

तुझं पत्र वाचून दोन दिवस ते खिशात घेऊन फिरले. आई सांगणार नव्हती, तुला कधी कळलंही नसतं. त्या दिव्यावर मी आयुष्यभर तुझी ताई म्हणून मिरवले असते. मला तेही हवं होतं, खोटं कशाला बोलू?

आईला पत्रकाचं काही ठाऊक नाही. ती तुला धीर द्यायला आली नव्हती, तुझी बाजू घ्यायलाही नाही. तू दिसत नव्हतीस म्हणून तिने दिवा लावला, एवढंच. मिठाई सोमवारी माझ्याकडे आणतेय, मी पाठवते. तिला दोन ओळी लिही.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. आजवर मी ते न वाचता लिहीत आले. आज विचारते आहे. आहे का? नसला तरी कळव.

इसुल