दार सुताराकडे, पैसे भलतीकडे

आदरणीय भावोजी,

तुमच्या मेहुण्याचा खुर्चीत बसूनच साष्टांग नमस्कार. (उठता येत नाही, कारण पुढे कळेलच.) इकडे सगळे बरे आहेत. तुमची पाठ कशी आहे? ताई जड पिशव्या उचलू देत नाही ना? तिचंच ऐका. पत्र कशासाठी म्हणाल, तर सहजच. फोनच केला असता, पण ताई फोन स्पीकरवर टाकते आणि आपलं बोलणं तिसऱ्या मजल्यापर्यंत जातं.

तर सध्या आमच्या घराला दार नाही. जुनं खालून कुजलं होतं, म्हणून सुताराला नवीन करायला सांगितलं. काल सकाळी त्याने जुनं उतरवलं आणि नवीन बसवण्याआधी पैसे मागितले. आमच्या हिने लगेच पर्समधून क्रेडिट कार्ड काढलं. (त्यावर पॉइंट मिळतात. ते साठवून तिला इस्त्री घ्यायची आहे.) सुताराकडे कार्ड घासायचं मशीन होतं, पण कार्ड बघताच त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे, एखादी गोष्ट कळली नाही की मला घास गिळवत नाही. मी विचारलं, अहो, पैसे ते पैसे, तुम्हाला काय फरक पडतो? तो म्हणाला, कार्डाने दिलेत तर शंभरातले दोन वाटेतच गळतात, आणि उरलेले परवा येतात.

आता गळतात ते नेमके कोणाकडे? मी खोदून खोदून विचारलं. थोडे त्याच्या बँकेकडे, थोडे मशीनवाल्याकडे, बरेचसे कार्ड देणाऱ्या आमच्या बँकेकडे. आणि हिचे पॉइंट? तेही त्यातूनच! म्हणजे बघा गंमत, आमची इस्त्री सुतार घेऊन देणार आणि त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही. अर्थात तोही काही खुळा नाही, ते दोन टक्के त्याने आधीच माझ्या दाराच्या किमतीत धरले असणार. (हे विचारल्यावर तो पटाशीला धार लावू लागला.)

मी छाती काढून म्हटलं, ट्रान्सफरच करतो. खात्यातून खात्यात, मध्ये कोणी नाही. ही म्हणाली, कार्डाचं चुकलं तर बँकेकडे तक्रार तरी करता येते, याचं काय? मी म्हटलं, चुकतंय कशाला! आणि बटण दाबलं. पैसे माझ्या खात्यातून गेले, सुताराकडे काही आले नाहीत. त्याने बराच वेळ फोनकडे टक लावून बघितलं, मग नवीन दार गाडीत घालून परत नेलं.

तेव्हापासून मी दाराच्या जागी खुर्ची टाकून बसलोय. रात्री कपाट आडवं लावलं. आई कानाला रुमाल बांधून झोपली, आणि ही माझ्याशी फक्त खाणाखुणांनी बोलते. बँकेतल्या बाई फोनवर गोड आवाजात म्हणाल्या, तुम्ही पाठवलेत तिथेच पोचलेत, आता ज्यांना मिळालेत त्यांनाच विचारा. मध्ये कोणी नाही म्हणजे भांडायलाही कोणी नाही, हे मला आत्ता उमगलं! त्या दोन टक्क्यांत भांडणाचीही सोय असते तर. ज्ञान मिळालं, दार तेवढं राहिलं.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. माझ्या फोनमधल्या यादीत सुताराच्या अगदी वर तुमचं नाव आहे, आणि माझी बोटं जाड.

आणखी ता. क. ‘एवढे कशाला पाठवलेत? पण फार आनंद झाला,’ हा तुमचा मेसेज मिळाला. आईला दाखवला तर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, जावयाच्या पाठीच्या औषधपाण्याला पाठवलेस ना, गुणाचं गं माझं पोर! आता मी कोणत्या तोंडाने परत मागू? तेव्हा तुम्हीच समजून घ्या, आणि आईला कळू देऊ नका.

शेवटचं ता. क. पत्र बंद करताना ठोकाठोक ऐकू आली. हिने सुताराला बोलावून कार्ड दिलं, दार बसतंय. कार्डाचं बिल महिनाअखेर माझ्याच खात्यातून जाणार, आणि त्या खात्यात आता काय उरलंय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.