कडेचे कंगोरे

३ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

आई आमच्याकडे आता छान रुळल्या आहेत. जिना चढताना गुडघे कुरकुरतात म्हणून त्यांना खालचीच खोली दिली. माझं शिवणयंत्रही तिथेच, त्यामुळे दिवसभर आम्हा सासू-सुनांची टकळी चालू असते. डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यामुळे त्यांना सुई दिसत नाही, पण माझी टीप वाकडी गेली की नुसत्या आवाजावरून ओळखतात!

खोकला मात्र पाठ सोडत नाही. इथली हवा गार, त्यात ह्यांच्या लाकूड-गिरणीचा भुसा. जुन्या घराच्या परसात लोकरपान होतं, त्याचा काढा घेतला की छाती मोकळी व्हायची, असं त्या रोज सांगतात. गिरणीमागच्या उतारावर पाला रगड आहे, पण त्यातलं लोकरपान कुठलं हे ओळखायचं कसं? आईंना तिथवर उतरवत नाही आणि नेलं तरी त्यांना दिसणार नाही. ह्यांनी तुमच्या वनस्पती-संग्रहालयाचं छापील वर्णन शोधून दिलं. "पाने मूलज, दीर्घवर्तुळाकृती, घनलोमश, कडा अखंड." वन्सं, हे झाडाचं वर्णन आहे की कोर्टाचं समन्स? माणसांच्या भाषेत लिहा ना.

माया आहे ती वाढवावी आणि रागवायचं असेल तर पुढच्या पत्रात रागवावं.

आपली,
सुईबाई


८ मार्च

चि. सौ. सुईबाईस,
अ. उ. आ.

समन्स मिळालं म्हणायचं! अगं, आयुष्य गेलं माझं वाळलेली झाडं कागदावर चिकटवण्यात आणि त्यांच्याखाली हे असलं लिहिण्यात. आमच्याकडे नुसतं 'केसाळ' म्हणून भागत नाही. लव वेगळी, लोकर वेगळी, राठ केस वेगळे. तुझ्या नवऱ्याला, आमच्या धाकट्याला, लहानपणी मी हे सगळं पाठ करायला लावलं होतं. तेव्हापासून तो भाजी आणायलासुद्धा घाबरतो, हे तू पाहिलंच असशील.

तुझ्यासाठी सोपं करून सांगते. मोठं, मऊ, केसाळ पान. पानं जमिनीलगत गोल गुच्छात बसलेली असतात. पहिल्या वर्षी फूल येत नाही, तेव्हा फुलाची वाट पाहू नकोस. सशाच्या कानाला हात लावल्यासारखं वाटलं की समज, तेच.

आईला म्हणावं, खोकल्याचं निमित्त करून सुनेला उतारावर पळवू नकोस. तिची खुशाली कळवत राहा. माझा जीव सारखा तिकडे असतो.

तुझी,
वन्सं


२६ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

लोकरपान सापडलं! उताराच्या सावलीत गुच्छच्या गुच्छ होते, हात लावला तर अगदी मऊ. सकाळ-संध्याकाळ काढा करते. आई म्हणतात, जुन्या घरचा इतका कडू नव्हता, इथल्या मातीचाच गुण असेल. मी दोन चमचे साखर जास्त घालते. घोट घेताना तोंड वाकडं करतात, पण सूनबाईने एवढं उतारावरून आणलं म्हणून एक थेंब ठेवत नाहीत.

एक काळजी मात्र लागली आहे. आठवड्यापासून त्यांचं जेवण तुटलं. ताटाशी बसतात, दोन घास घेतात आणि मळमळतं म्हणून उठतात. इथल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या आहेत. तुम्ही घाबरू नका, पण तुम्हाला न कळवता राहवेना.

आहात तशाच आमच्या राहा.

सुईबाई


३१ मार्च

चि. सौ. सुईबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून माझं कामात लक्ष नाही. काल एका नमुन्याखाली दुसऱ्याच झाडाचं नाव घातलं. आई आयुष्यात कधी ताटावरून उठली नाही. बाबा गेले त्या दिवशीही आम्हा भावंडांना जेवायला बसवून स्वतः जेवली होती. तेव्हा खरं सांग, तुमच्या दोघींचं काही बिनसलं आहे का? ती मनात ठेवते, तोंडाने बोलत नाही, अन्नावर राग काढते. चूक कुणाची हे मी विचारत नाही. तुला शिवणकामातून उसंत नसेल, हेही समजते. तसं असेल तर मी तिला माझ्याकडे घेऊन येते.

स्पष्ट लिहिलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस.

वन्सं


५ एप्रिल

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? पत्र वाचून मी ते ह्यांच्या हातात दिलं आणि मोरीत जाऊन रडले. आईंना विचारलं, माझ्या हातून काही चुकलं का. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या की तुझ्या नणंदेला पानांचं कळतं, माणसांचं कधी कधी कळत नाही. हे त्यांचे शब्द आहेत, माझे नाहीत.

पण आता खरंच भीती वाटते. त्या दिवसभर पडून असतात. उठल्या की भोवळ येते. काल म्हणाल्या, दिव्याभोवती पिवळं कडं दिसतं, माझा पांढरा परकरही पिवळा दिसतो. आधी मला वाटलं, मोतीबिंदूमुळे असेल. डॉक्टर म्हणतात, वय झालं. ह्यांनी रात्री नाडी धरून पाहिली तर मध्येच एखादा ठोका गळतो आहे असं वाटलं.

काढा मात्र मी नेमाने देते, त्यात कसूर नाही. रोज ताजी पानं आणते. तुम्ही सांगितलंत तशीच आहेत. मोठी, मऊ, गुच्छातली. लव वरच्या बाजूला थोडी, मागे जास्त. वरून पान सुरकुतलेलं, मागे शिरांचं जाळं उठून दिसतं आणि कडेला सगळीकडे बारीक कंगोरे, मी पोलक्याच्या गळ्याला करते तसे. इतकं निगुतीने करते, वन्सं. मी त्यांना उपाशी ठेवत नाही.

जमेल तेवढा विश्वास ठेवा.

आपली,
सुईबाई


९ एप्रिल

चि. सौ. सुईबाईस,
अ. उ. आ.

हे पत्र पोचण्याआधी माझी तार पोचली असेल, पोचलीच असली पाहिजे. "काढा ताबडतोब बंद. आईला मोठ्या इस्पितळात न्या. पानं बरोबर घ्या." तारेत याहून जास्त काही सुचलं नाही.

लोकरपानाच्या कडेला कंगोरे नसतात गं. कड अखंड, म्हणजे सरळ, न कातरलेली असते आणि लोकर दोन्ही बाजूंनी सारखी, घोंगडीसारखी दाट. तू लिहिलंस ते दुसरंच झाड आहे. कोवळं असताना ते तसंच गुच्छात बसतं, तसंच मऊ लागतं. त्याच्या पानांतून हृदयाचं औषध काढतात. औषध म्हणून रतीभर देतात, आणि आई ते वाटीने पीत होती. भोवळ, मळमळ, पिवळं कडं, गळणारा ठोका, सगळं त्याचंच.

आता नीट ऐक. तू काही केलं नाहीस. 'कडा अखंड' हे दोन शब्द माझ्या समन्सात होते. तुला हसू आलं म्हणून मी सोपं करायला गेले आणि नेमके तेच गाळले. धाकट्याने, डॉक्टरांनी, कुणीही काही म्हटलं तर हे पत्र दाखव. आणि मागच्या पत्रात मी जे लिहिलं, ते मनात आलं तरी कसं, याचीच लाज वाटते.

मी मिळेल त्या गाडीने निघते आहे. आईला माझ्यासाठी धरून ठेव.

वन्सं


११ एप्रिल, इस्पितळातून

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही वाटेत असाल, तरी लिहिते. गप्प बसवत नाही. तार आली तेव्हा संध्याकाळचा काढा गाळून झाला होता. आईंच्या हातातली वाटी मी ओढून घेतली, त्या दचकल्या, सगळा काढा पांघरुणावर सांडला. ह्यांनी गिरणीचा ट्रक मागून आणला. इथल्या डॉक्टरीणबाईंनी पानं उलटी-सुलटी करून पाहिली आणि विचारलं, हे कुणी दिलं? मी म्हटलं, मी दिलं.

आईंच्या छातीला तारा लावल्या आहेत. नाडी फार संथ आहे. सुया टोचल्या, सलाईन चालू आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात की दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही. मी बाहेरच्या बाकावर बसते, आत जायचं धाडस होत नाही. त्या मला हाक मारतात, पण आत हे जातात. वन्सं, त्यांचं काही बरंवाईट झालं तर मी ह्या घरात कोणत्या तोंडाने राहू? ज्या हाताने भरवलं त्याच हाताने...

लवकर या. आल्यावर हवं ते बोला, मी ऐकून घेईन.

सुईबाई


२ मे

चि. बबीस,
अनेक आशीर्वाद.

हे धाकट्याच्या हातून लिहवून घेते आहे, तेव्हा त्याने मध्ये स्वतःचं काही घुसवलं असेल तर ते माझं समजू नकोस. तू तुझ्या संग्रहालयात परत गेल्यापासून मी सुधारते आहे. परकर पांढरा दिसतो. भाकरी दीड जाते. इथल्या डॉक्टरांनी येऊन माझी नाडी धरली आणि स्वतःच घाम पुसला. खोकला आहे तसाच आहे, तो आता आमच्यातलाच झाला.

पण सुईबाईचं काही खरं नाही. तू तिला एवढं पोटाशी धरून गेलीस, तरी ती माझ्या ताटाला हात लावत नाही. स्वयंपाक ती करते, वाढतो हा. पाणी मागितलं तर पेला दारात ठेवते आणि ह्याला हाक मारते. मशीनही बंद आहे. मी समजावलं, रागावले, शपथ घातली. मान डोलावते आणि आत जाते.

काल धाकट्याला मी मुद्दाम बाजारात पिटाळलं. मग तिला म्हटलं की मला आत्ताच्या आत्ता चहा हवा, तुझ्या हातचा हवा आणि तो तूच आणून द्यायचा. नाही म्हणाली. मी काठी घेऊन चुलीकडे निघाले, तेव्हा घाबरून उठली. कप घेऊन आली तर बशी खुळखुळ वाजत होती. माझ्यासमोर उभी राहिली, पदराचं टोक दातांत धरून. मी कप तोंडाला लावला.

घाईत साखरेऐवजी मीठ पडलं होतं, बबे. चांगलं चमचाभर. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, ओठ पुसले आणि म्हटलं, छान झालाय, उद्याही असाच कर. ती मटकन खाली बसली आणि माझ्या गुडघ्यांना मिठी मारून कितीतरी वेळ रडली.

डॉक्टरांनी मला मीठ कमी सांगितलं आहे. त्यांना बोलू नकोस. तिला तर मुळीच नको.

तुझी,
आई